ओल असेल तरच नांग्या भरतील

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. विषय : तालुक्याच्या बाजारपेठेतील बंद गाळे)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीक विमा आहे, विजेचे बिल आहे. चौथा विषय बाजारपेठेतील बंद दुकानांचा आहे. तो वाचून तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात आले असेल, की दुकानदारांचे रडगाणे आमच्या मांडवात कशाला? ज्याने बियाण्याच्या पिशवीवर जास्तीचे पैसे घेतले, ज्याने उधारीच्या वहीत एकाचे दोन केले, त्याचे शटर पडले तर आमचे काय गेले?

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

मृगाची पेरणी चालू आहे, ओल जमिनीत दोन दिवस टिकणार आहे आणि तिफणीचा किंवा ट्रॅक्टरवरच्या पेरणीयंत्राचा एक भाग तुटला. पूर्वी तो तालुक्याच्या गावी मिळायचा. आता ते दुकान बंद आहे. पन्नास किलोमीटरवर जिल्ह्याला जा, दिवस घालवा. दिवस गेला, ओल गेली. त्या एका दिवसाची किंमत कोणत्या वहीत लिहायची? मोटर जळली तर वाइंडिंग करणारा नाही. बैल आजारी पडला तर औषधाचे दुकान नाही. बाजारात कापसाला चार गिऱ्हाईक होते, ते एकावर आले. गिऱ्हाईक एकच उरले की भाव कोण ठरवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. आज त्या गाळ्यांत बसलेले कोण आहेत? तीस वर्षांपूर्वीचा सावकार-दुकानदार आता तिथे नाही. तो केव्हाच नागपूर-पुण्याला गेला. गाळ्यात बसलेला मोबाइल दुरुस्तीवाला आपल्या घरातला धाकटा मुलगा आहे. पाच एकर कोरडवाहूत दोन भावांचे भागत नाही, म्हणून बापाने एक एकर विकून त्याला दुकान घालून दिले. ते शटर पडले की तो पोरगा परत त्याच पाच एकरांवर येतो. म्हणजे बंद गाळ्याचा बोजा शेवटी शेतावरच पडतो.

नांगी का पडते?

माझे शिक्षण शेतकी कॉलेजातले. कापसाचे बी उगवून आले की आठ-दहा दिवसांत नांग्या भरायच्या, हे तिथे शिकवतात आणि तुम्ही न शिकताच करता. पण हुशार शेतकरी नांगी दिसली की लगेच बी टोबत नाही. आधी तो बोटाने माती उकरून बघतो. बी सडले आहे का? किड्याने खाल्ले का? की ओलच नव्हती? ओल नसेल तर दुसरे बीही वायाच जायचे.

बाजारपेठेतल्या बंद गाळ्यांचेही तसेच आहे. नगरपालिकेत एखादा पुढारी उठतो आणि म्हणतो, बाजारपेठ सुशोभित करू, रंग देऊ, दिवे लावू, कमान उभारू. ही कोरड्या मातीत केलेली नांगेभरणी आहे. आधी उकरून बघू या.

ही गावे कशावर उभी राहिली?

वऱ्हाडातल्या बाजारपेठांचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिथला कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या इकडे वळल्या. १८७० मध्ये जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो कापसासाठी. पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला, तोही कापसासाठी. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात तिथून मोजतात. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला.

जिथे कापसाची बंडी थांबली तिथे जिनिंग आले. जिनिंगच्या फाटकासमोर हॉटेल आले, मग कापडाचे दुकान, मग सोनार, मग लोहार, सुतार, दवाखाना, टॉकीज. आधी दुकाने आणि मग शेतकरी, असे कुठेच घडलेले नाही. आमच्या पांढऱ्या सोन्याच्या सावलीत ही गावे वाढली.

पुढे १९७१ चा कायदा आला आणि १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या योजनेने शेतकऱ्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय नेले, याचा हिशेब या मांडवात अनेकदा झाला आहे. आज फक्त बाजारपेठेपुरते बोलतो. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग लागायची. दोन-दोन रात्री शेतकरी गावात मुक्काम करायचा. चुकारा हप्त्याहप्त्याने मिळायचा, उशिरा मिळायचा, कपात होऊन मिळायचा. पण शेतकरी गावात यायचा आणि चुकाऱ्याचा पैसा पहिल्यांदा गावातच मोडायचा. पोराचे कपडे, बायकोचे लुगडे, बैलाचा साज, लग्नाचा बस्ता, सगळे त्याच गल्लीत.

२००२ नंतर एकाधिकार संपला. बाजार मोकळा झाला, ते व्हायलाच हवे होते. पण त्याच काळात जिनिंग गावातून उठून हमरस्त्यावर गेले. व्यापाऱ्याची गाडी थेट शेतात किंवा गावच्या पारावर येऊ लागली. पैसा बँकेच्या खात्यात येऊ लागला. यात शेतकऱ्याची सोय आहे, रात्र-रात्र रांगेत थंडीत बसणे गेले, ते चांगलेच झाले. पण एक गोष्ट तुटली. आज पऱ्हाटी वेचून झाली, कापूस विकून झाला, पैसा आला आणि गेला, तरी शेतकऱ्याने बाजारपेठेत पाय ठेवलेला नसतो. आधीच्या देण्यात खाते रिकामे होते, आणि उरले ते मोबाइलवरून मागवलेल्या मालात जाते.

एक साधा हिशेब

आता ओल किती आटली ते मोजू. आकडे मी समजा म्हणून घेतो, तुम्ही आपल्या तालुक्याचे घालून पाहा.

समजा एका तालुक्यात चाळीस हजार हेक्टर कापूस आहे. हेक्टरी दहा क्विंटल धरा. कोरडवाहूत तेवढे झाले तरी आनंद. एकूण चार लाख क्विंटल. आता क्विंटलमागे भाव हजार रुपयांनी पडला. चार लाख गुणिले हजार, म्हणजे चाळीस कोटी रुपये एका हंगामात तालुक्यातून गेले.

हे चाळीस कोटी आले असते तर सगळे काही बाजारपेठेत खर्च झाले नसते. कर्ज फिटले असते, पोरीचे शिक्षण झाले असते, विहीर खोदली असती. फक्त चौथा हिस्सा दुकानांत गेला असता असे धरा. दहा कोटी. लहान गावातले दुकान चालायला रोजची पाच हजारांची विक्री लागते, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंधरा लाख. दहा कोटींना पंधरा लाखांनी भागा. सहासष्ट.

भावांनो, क्विंटलमागे हजार रुपये पडले की तालुक्यात साठ-पासष्ट दुकानांचे गिऱ्हाईक मरते. ती दुकाने एका दिवशी बंद पडत नाहीत. आधी नोकर कमी होतो, मग माल कमी होतो, मग दुपारी शटर अर्धे खाली, आणि एका पाडव्याला ते उघडतच नाही.

हा हिशेब कल्पनेतला राहिला नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस घरात येण्याचे नेमके महिने! खुल्या बाजारात भाव हमीभावाखाली राहिला. ज्याला सीसीआयच्या केंद्रावर ओलाव्याच्या अटीत बसून थांबता आले, तो थांबला. ज्याच्या दारात देणेकरी उभा होता, त्याने पडेल भावाने दिला. त्या घोषणेने गिरण्यांना दिलासा मिळाला असेल. पण तिने आपल्या गल्लीतली किती शटरे ओढली, हे कोणत्या मंत्रालयाने मोजले?

व्यापारी संघाच्या मित्रांनी हे नीट समजून घ्यावे. कापसाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसतो तेव्हा 'धंद्याचा खोळंबा होतो' म्हणून त्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. तो बसतो तो त्यांच्याही गल्ल्यासाठी.

ओल आली तरी काही नांग्या का भरत नाहीत?

पण सगळे खापर भावावर फोडून घरी जायचे असेल तर भाषण इथेच संपवतो. तसे करता येत नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला अलीकडच्या काळातला चांगला भाव मिळाला होता. तरी सगळे गाळे भरले नाहीत. ओल असूनही नांगी राहिली, म्हणजे दुसरे कारण आहे. ते कारण गावातच आहे.

पहिले कारण भाडे. बाजारपेठेतला गाळा तुम्ही मागायला जा. मालक लाखांत पगडी सांगतो. गाळा चार वर्षे बंद आहे, आत उंदीर नाचतात, पण भाडे कमी करायला मालक तयार नाही. का? एकदा कमी भाड्याने दिला तर भाडेकरू हलणार नाही, ही भीती. आणि जागेची किंमत वाढतेच आहे, ही आशा. काही गाळे भावाभावांच्या वाटणीत अडकले आहेत. पडीक रानाचा मालक जसा मुंबईत बसून बांधावर कुणाला येऊ देत नाही, तसे हे.

दुसरे कारण नगरपालिका. निधी आला की संकुल बांधायचे, हा सगळ्यांचा आवडता कार्यक्रम. ठेकेदार खूश, पुढारी खूश. मग गाळ्यांचा लिलाव अनामत रकमेवर होतो. ज्याच्याकडे सर्वांत जास्त पैसा तो गाळा घेतो. पण ज्याच्याकडे सर्वांत जास्त पैसा आहे, त्याला दुकान चालवायचेच असते असे नाही. तो गाळा अडवून ठेवतो, वरच्या भाड्याने देतो किंवा नुसता बंद ठेवतो. ज्याला खरोखर धंदा करायचा आहे त्याचे सगळे भांडवल अनामतीत जाते, माल भरायला उरत नाही. सहा महिन्यांत शटर खाली.

आणि कित्येकदा हे संकुल बांधतात कुठे? आठवडी बाजाराच्या जागेवर! म्हणजे जिथे दर आठवड्याला शे-दोनशे लोक चटई टाकून धंदा करत होते, ती जागा खोदून चाळीस गाळे बांधायचे, त्यातले वीस बंद ठेवायचे, आणि बाजार गावाबाहेर नाल्याच्या काठी हाकलून द्यायचा.

तिसरे कारण आपल्याच पोरांचे. एकाने कृषी केंद्र काढले, चालले. लगेच त्या रांगेत सात कृषी केंद्रे. एकाने मोबाइलचे दुकान काढले, लगेच नऊ. शेतात एकाच पिकाने काय होते ते आम्ही भोगतो आहोत आणि दुकानांतही तेच करतो आहोत. सात कृषी केंद्रे आणि एकही पंप दुरुस्तीवाला नाही, अशा बाजारपेठेत गिऱ्हाईक कशाला येईल?

दुसरीकडे काय केले?

बाजारपेठ ओस पडण्याचा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत आयोवा हे मक्या-सोयाबीनचे राज्य. १९८० च्या दशकात तिथे शेतीवर मोठे संकट आले. शेतमालाचे भाव पडले, जमिनीच्या किमती कोसळल्या, कर्जात शेते गेली, आणि पाठोपाठ लहान गावांतली दुकाने बंद पडू लागली. त्यात भर म्हणून मोठी साखळी दुकाने आली. तिथल्या कृषी विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी गावोगावच्या विक्रीचे आकडे तपासले. ज्या गावात मोठे दुकान आले तिथली एकूण विक्री वाढली, पण तोच माल विकणारी लहान दुकाने मेली आणि आजूबाजूच्या लहान गावांचे गिऱ्हाईक ओढले गेले. जगले कोण? जे मोठ्या दुकानात मिळत नाही ते विकणारे, आणि दुरुस्ती करून देणारे. ही गोष्ट मोबाइलवरच्या दुकानालाही लागू आहे. मोबाइलवरून पंप मागवता येतो. विहिरीत उतरून तो बसवून देणारा मोबाइलमधून येत नाही.

त्याच देशात १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत जुनी बाजारपेठ जगवण्याचा प्रयोग झाला. त्यातून पुढे देशभर 'मेन स्ट्रीट' नावाची चळवळ उभी राहिली. त्यांनी प्रत्येक गावात एक पगारी माणूस पूर्ण वेळ नेमला. कोणता गाळा रिकामा आहे, मालक कोण, गावात काय मिळत नाही, ते कोण सुरू करू शकेल, एवढेच त्याचे काम. आपल्याकडे समिती असते, समितीला अध्यक्ष असतो, आणि काम कोणाकडेच नसते.

जपानमधले उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते जमिनीच्या मालकीला हात घालते. तिथे ताकामात्सु नावाचे शहर आहे. त्याची मारुगामेमाची ही जुनी बाजारगल्ली, जेमतेम अर्धा किलोमीटर लांब. १९८८ मध्ये समुद्रावर पूल झाला, बाहेरची मोठी दुकाने आली, आणि पुढच्या काही वर्षांत गल्ली ओस पडू लागली. तेव्हा एका भागातल्या जागामालकांनी एकत्र येऊन कंपनी काढली. जागेची मालकी ज्याची त्याच्याकडेच ठेवली, पण वापराचा हक्क साठ वर्षांच्या मुदतीने कंपनीला दिला. आता कोणते दुकान कुठे असावे हे कंपनी ठरवते. मालकाला ठरावीक भाडे नाही, विक्री जशी होईल तसे भाडे. धंदा चालला तर मालकालाही जास्त, नाही चालला तर त्यालाही कमी. २००६ मध्ये हा पहिला भाग नव्याने उघडला. पुढे वर राहण्याची घरे बांधली, दवाखाना आणला.

तुम्हाला हे ओळखीचे वाटत नाही का? ठरावीक रकमेने दिलेले रान म्हणजे मक्ता. पाऊस पडो न पडो, मालकाचे पैसे आधी. आणि पिकाच्या हिश्शावर दिलेले रान म्हणजे बटई. तोटा आला तर दोघांचा, फायदा झाला तर दोघांचा. जपानी माणसाने गाळे मक्त्याचे काढून बटईने दिले! आम्हाला हे शिकायला विमानात बसायची गरज नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बटईचा व्यवहार पाळण्यातच कळतो.

कोणते बी टोबायचे?

आता ओल आणि रान झाले, बियाण्याचे बोलू.

पाच क्विंटल कापूस पिंजला की १७० किलोची रुईची एक गाठ होते आणि तीन क्विंटलच्या वर सरकी निघते. गाठ गेली दक्षिणेत, सरकी गेली तेल गिरणीत, आणि ढेप परत आमच्याच गोठ्यात आली, पण दुकानदाराच्या भावाने. मध्ये जो पैसा झाला तो सगळा तालुक्याबाहेर. सगळी साखळी आपल्याला गावात आणता येणार नाही. सूतगिरणीच्या भानगडीत सहकाराने किती हात पोळले ते आपण पाहिले आहे. पण कापसाच्या गावात कापसाची गादी मिळत नाही, फोमची मिळते, हे कसे? पिंजाऱ्याचे दुकान, गादी, रजई, उशी, एवढे तरी आपल्या गल्लीत असायला काय हरकत आहे?

कापसातल्या तुरीचे बघा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान दाल मिल कधीच तयार करून दिली. ती एका गाळ्यात मावते. क्विंटलभर तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते, चुनी-भुसा जनावराला. आपण मात्र तूर पोत्याने विकतो आणि डाळ किलोने विकत घेतो.

आणि ज्वारी! खायला घरची ज्वारी आणि विकायला कापूस, हा आपला जुना संसार. भाव मिळाला नाही, पाखरांनी खाल्ली, ऐन कापणीत पावसाने काळी पडली, म्हणून ज्वारी शेतातून गेली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे गेली. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये, म्हणजे किलोला सदतीस. आणि शहरातल्या हॉटेलात एक भाकरी वीस रुपयांना. किलोभर पिठाच्या दहा भाकरी धरा, दोनशे रुपये. सरपण, मजुरी, भाडे वजा करा, तरी मधले अंतर बघा. आपल्या मायबहिणींच्या हातात जी कला आहे तिला शहर पैसे मोजते आहे. स्वच्छ केलेली ज्वारी, ताजे पीठ, गरम भाकरी, हंगामात हुरडा. याला मोठे यंत्र लागत नाही. एसटी स्टँडजवळ एक गाळा लागतो आणि त्या गाळ्याचे भाडे परवडावे लागते.

१९९१ मध्ये शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली होती. त्यातली माजघर शेती म्हणजे घरी माल तयार करणे, आणि व्यापार शेती म्हणजे तो स्वतः विकणे. आज ती करायला कायद्याचे अडथळे पूर्वीपेक्षा कमी आहेत. दहा उत्पादक शेतकरी मिळून कंपनी काढू शकतात. फळे-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे. २०१७ च्या दुकाने कायद्यात कामगार थोडे असतील तर नुसते कळवले की झाले. अडले आहे ते गाळ्यापाशी.

पण सगळ्यांनी थेट गाळा घेऊ नये. हुशार शेतकरी नांग्या भरण्यासाठी पिशवीत रोपे आधी तयार ठेवतो. आठवडी बाजार ही दुकानांची रोपवाटिका आहे. चटईवर माल खपतो की नाही ते बघायचे, गिऱ्हाईक बांधायचे, मग गाळ्यात जायचे. म्हणून तो बाजार गावाच्या मध्यभागी राहिला पाहिजे. त्याला सावली पाहिजे, पाणी पाहिजे, आणि बायकांसाठी स्वच्छ संडास-मुतारी पाहिजे. हे शब्द व्यासपीठावरून उच्चारताना मला संकोच वाटत नाही. सकाळी खेड्यातून निघालेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण बाजारात तिला जायला जागा नाही. म्हणून ती दुपारच्या एसटीने लवकर परत जाते. ज्या बाजारपेठेला तिचा रुपया हवा आहे, त्या बाजारपेठेने तिची एवढी सोय करायला नको?

आज काय ठरवायचे?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक वर्षे प्रशासकांचे राज्य होते, विचारायचे कुणाला हेच कळत नव्हते. आता निवडून आलेले लोक खुर्चीत आहेत. नव्या संकुलांचे नकाशे निघण्याआधी आपण त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. म्हणून मी पाच गोष्टी ठरावासाठी मांडतो.

एक. प्रत्येक तालुक्यात तरुणांनी एका रविवारी बाजारपेठेची मोजणी करावी. वहीत सहा रकाने : गाळा कोणाचा, केव्हापासून बंद, आधी काय होते, का बंद पडले, मालक काय मागतो, आणि गावात काय मिळत नाही. ही वही हातात असल्याशिवाय नगरपालिकेत जाऊ नये.

दोन. वर्षापेक्षा जास्त काळ बंद असलेले नगरपालिकेचे आणि बाजार समितीचे गाळे बटईने द्यावेत. अनामत नाममात्र, पहिली दोन वर्षे भाडे विक्रीच्या हिश्शाने. घेऊन बंद ठेवील त्याचा गाळा काढून घ्यावा. नियम आडवे येत असतील तर नियम बदलून घेण्यासाठी व्यापारी संघाने आपल्याबरोबर मुंबईला यावे. खासगी मालकांनाही हेच सांगावे. लेखी, नोंदवलेला, मुदतीचा करार केला तर भाडेकरू बसून राहील ही भीती धरण्याचे कारण नाही.

तीन. जुने गाळे भरेपर्यंत नवे संकुल नको. आणि आठवडी बाजाराच्या जागेला कोणीही हात लावू नये.

चार. बाजारात सावली, पाणी, बायकांची सोय आणि बंड्या-ट्रॅक्टर उभे करायला जागा, हे आधी. कमान आणि दिवे नंतर.

पाच. आपल्या संघटनेच्या शेतकऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात एक गाळा स्वतः चालवून दाखवावा. फक्त एक. भांडवल भागधारकांचे, अनुदानाचे नको. अनुदान आले की दुकान कागदावर चालते आणि कुलूप खऱ्या दाराला लागते. एक माणूस पगारी ठेवावा आणि त्याच्याकडून रोज हिशेब घ्यावा. उधारी नाही, संचालकाच्या मेहुण्यालाही नाही. सहकारी दुकाने कशाने बुडाली ते आठवा. मालाच्या तोट्याने थोडी, उधारीने आणि मेहुण्यांनी जास्त.

या पाच गोष्टींनी बाजारपेठ उद्या फुलेल असे मी सांगत नाही. पहिला विषय कापसाच्या भावाचा आहे आणि तो पहिलाच राहील. भावाची ओल नसेल तर कितीही चांगले बी टोबले तरी उगवणार नाही. पण उद्या ओल आली आणि रान अडवलेलेच असले, तर तो पैसा पुन्हा आपल्या डोळ्यांदेखत तालुक्याबाहेर वाहून जाईल. लढाई भावाची चालू ठेवायची, आणि बांधबंदिस्ती गावात करून ठेवायची. पावसाची वाट पाहताना कोरडवाहू शेतकरी हात बांधून बसत नाही, तो बांध घालतो.

ठराव वाचून दाखवला जाईल. मायबहिणींनी चौथ्या मुद्द्यावर स्वतः उठून बोलावे. मान्य असेल तर हात वर करा, आणि मोजणीचा रविवार कोणता ते तालुक्यातालुक्याने इथेच सांगून मांडवातून उठा.